घर चुकलेला ड्रोन

१

मधमावशी स्वतःच्या गच्चीवर मरून पडल्या होत्या. क्लबातले चौघे धापा टाकत बाहेरच्या जिन्यानं वर चढले, त्यांनी ते पाहिलं, आणि त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं: "तरी मी म्हणत होतो, हा अपडेट टाकू नका!"

मावशींच्या डोक्यापासून हातभर अंतरावर दातांच्या डॉक्टरांचा ड्रोन बसला होता. त्याचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.

हे वाक्य ताईला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळताक्षणी त्या क्लबाबद्दल तिचं मत कायम झालं. पुढे ते बदलण्याची वेळ आली नाही.

ताई म्हणजे या डॉक्टरांची थोरली बहीण. उभी हयात तिनं कोसळलेल्या विमानांच्या चौकशीत घालवली होती. खात्यातले लोक पाठीमागे तिला 'करवत' म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. इतक्या वर्षांत तिला एकच गोष्ट शिकायला मिळाली होती: माणूस चुकला की पहिल्या दमात यंत्राचं नाव सांगतो, कारण यंत्र उलटून बोलत नाही.

धाकटा भाऊ कोचावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दवाखाना बंद. भावजयीनं ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"ऊठ, बाळ्या," ताई म्हणाली. "पन्नाशीच्या माणसानं असं पडून राहू नये. काय झालं ते पहिल्यापासून सांग. रडायचं असेल तर आधी रडून घे, मध्ये मध्ये नको."

डॉक्टर उठून बसले. रडले नाहीत, पण आवाज मात्र चोळामोळा झाला होता.

"नवा अपडेट आला होता. म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापले ड्रोन आदल्या दिवशी क्लबातच ठेवले. आमच्यात एक जण आहे, त्याला ते जमतं. तोच सगळ्यांचं करतो."

अपडेट म्हणजे ड्रोनच्या डोक्यातली अक्कल बदलणं. कंपनी ती अधूनमधून बदलायची, आणि बदलली की या क्लबात हाहाकार उडायचा. कोणाचा कॅमेरा थरथरू लागे, कोणाचा रिमोट ओळख विसरे. त्याहून मोठं रडगाणं उपग्रहांचं. उडण्याआधी ड्रोन आकाशातले उपग्रह शोधतो, त्यावरून आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. डॉक्टरांच्या ड्रोनला ते सापडेपर्यंत बाकीचे चहा पिऊन, कप विसळून परत यायचे, आणि डॉक्टर आपले मैदानात आभाळाकडे बघत उभेच.

"पण काल," डॉक्टर म्हणाले, "पेटी उघडली तर ड्रोन आधीच चालू, आणि सगळे उपग्रह सापडलेले! इतका आनंद झाला ताई, मी थेट उडवला. झाडांपलीकडे गेला नाही तोच बॅटरी संपत आल्याचा इशारा. अपडेटनं बॅटरी खाल्ली, असं सगळेच म्हणाले. मग तो आपोआप वळला. बॅटरी संपत आली की तो स्वतःहून घरी येतो, म्हणजे जिथून उडवला तिथे. पण माझ्या डोक्यावरून गेला आणि थेट मावशींच्या घराकडे. मी रिमोट दाबतोय, दाबतोय, आणि त्याच्यावर लिहून येतंय, 'घरी पोचतोय'. आम्ही धावत गेलो तर…"

त्यांनी साय धरलेला चहा बाजूला सरकवला.

"त्या सगळ्यात एक उपग्रह तेवढे लवकर सापडले," ते शेवटी म्हणाले. "अपडेटनं केलेलं तेवढं एकच काम बरं."

ताई खुर्चीत ताठ झाली.

"बाळ्या, मी कितीतरी यंत्रं बिघडलेली पाहिली. एका सकाळी अचानक शहाणं झालेलं एकही नाही. कोणीतरी तुझ्या आधी ते हाताळलं होतं."

२

इन्स्पेक्टरांना हे प्रकरण मनापासून आवडलं होतं, कारण ते संपलेलं होतं.

"सरळ आहे, मॅडम. ड्रोन बिघडला, बाईंच्या डोक्यावर आदळला. निष्काळजीपणा. भावाचा हेतू वाईट नव्हता, असं मी आवर्जून लिहीन."

"उपकार झाले. फोटो दाखवा."

त्यांनी फोन पुढे केला. ताईनं चष्मा वर सरकवला आणि फोटो बोटांनी मोठा केला. ड्रोन चारही पाय नीट टेकून बसलेला. पाती शाबूत, कुठे ओरखडासुद्धा नाही.

"माणसाची कवटी फोडून हा पुन्हा सरळ उभा राहिला?"

"चांगल्या कंपनीचा आहे, मॅडम."

ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की इन्स्पेक्टरांनी उगाचच टेबलावरची पेनं सारखी केली.

"याचे पाय बघा. दोन पाय रक्ताच्या डागावर आहेत, आणि कोरडे आहेत. उतरताना पाती वारा मारतात. रक्त ओलं असतं तर शिंतोडे उडाले असते. इथे डागाची कड आखल्यासारखी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे रक्त वाळलं, मग ड्रोन आला. मेलेल्या बाईला कोणी मारत नाही, इन्स्पेक्टर."

इन्स्पेक्टरांचं संपलेलं प्रकरण त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरू झालं. ते मुकाट्यानं उठले आणि ताईला घेऊन मावशींच्या घरी गेले.

घर बैठं होतं. बाहेरून जिना, वर गच्ची, गच्चीवर मधमाश्यांच्या लाकडी पेट्या रांगेनं. समोर नर्सेसचं होस्टेल, आणि मागे झाडांच्या पलीकडे जुन्या कारखान्याचं मैदान, जिथे क्लबातले लोक उडवाउडवी करत. मावशी एकट्या राहत, मध विकत. होस्टेलातल्या मुलींनीच त्यांना मावशी केलं होतं.

ताई सगळीकडे नाक घालत फिरली. कठड्याच्या टोकदार कोपऱ्यावर एक पुसट डाग होता. डोकं आपटलं ते इथे. एका पेटीचं झाकण सरकलेलं. मावशींची जाळीची टोपी मात्र खाली स्वयंपाकघरात, खुंटीला.

"टोपीशिवाय त्या पेट्यांना हात लावत नसत," घर दाखवायला आलेली होस्टेलातली नर्स म्हणाली. "आम्हाला तर जिन्यावरही उभं राहू देत नसत."

"मग पेट्यांचं काम करायला त्या वर आल्या नव्हत्या. कोणीतरी वर बोलावलं, म्हणून जशा होत्या तशा आल्या."

उतरताना ताई मध्येच थांबली. जिन्याच्या पायऱ्यांवर मेलेल्या मधमाश्या पडल्या होत्या. एक वरच्या पायरीवर, एक जरा खाली, एक अगदी तळाशी.

"काल वर आलेल्यांपैकी कोणाला माशा चावल्या?"

"नाही हो," इन्स्पेक्टर म्हणाले. "मी स्वतः होतो. शांत होत्या."

ताई खाली वाकली आणि एक माशी तिनं रुमालात उचलली. मधमाशी एकदाच डंख मारते आणि मरते, एवढं तिला माहीत होतं. कोणीतरी या पायऱ्यांवरून पळालं होतं, आणि एकटं पळालं नव्हतं.

३

क्लब म्हणजे मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली. भिंतीवर आभाळातून काढलेली गावाची चित्रं, मध्ये लांब टेबल, कोपऱ्यात ड्रोन ठेवायचं कपाट. कपाटाची किल्ली दाराच्या मागे, सर्वांना दिसेल अशी टांगलेली. एवढी अक्कल असलेल्या लोकांना कुलूप कशाला हवं होतं, हे ताईला कळेना.

डॉक्टर येण्याआधी त्या सकाळी तिथे तिघे होते. पहिला फोटोवाला. लग्नाकार्यांचे फोटो काढणारा, जाडजूड, स्वतःवर खूश. त्याला मावशींच्या मरणाचं दुःख होतं, पण बेताचं.

"स्पष्टच सांगतो, बाई खवट होती. माझा ड्रोन पाण्याच्या पाइपानं पाडला होता तिनं! नवा कोरा! मी भरपाई मागितली तर म्हणाली, माझ्या माशांना त्रास होतो, त्यांची भरपाई आधी दे."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? कंपनीला लिहिलं."

"बाईनं पाइप मारला म्हणून कंपनीला?"

"ड्रोननं अडथळा ओळखून बाजूला व्हायला हवं होतं," फोटोवाला गंभीरपणे म्हणाला. "ती अपडेटमधलीच चूक."

ताईनं एक खोल श्वास घेतला. हा माणूस खून करता तर दुसऱ्या दिवशी कंपनीकडे तक्रार करता.

"मावशी अलीकडे इथे आल्या होत्या का?"

"आल्या ना. आमच्या बैठकीत. उभ्या राहून म्हणाल्या, 'तुमच्यातल्या एकाचं यंत्र मुलींच्या होस्टेलच्या खिडक्यांशी उभं राहतं. अंधारात दिसत नाही, पण मी आवाजावरून ओळखीन. माझा जन्म गुणगुण ऐकण्यात गेलाय. नाव कळलं की चौकात सांगेन.'"

"आणि तुम्ही?"

फोटोवाला हसला. आठवूनही त्याला हसू आवरलं नाही. "आम्ही म्हणालो, मावशी, ते उपग्रहांमुळे होतं. ड्रोन जरा सरकतो. पुढच्या अपडेटमध्ये नीट होईल. सगळे हसले. गंमत हो."

ताई हसली नाही.

दुसरा तो, जो सगळ्यांचे अपडेट करून द्यायचा. त्याला क्लबात 'अपडेट' याच नावानं हाक मारत, आणि तोही ओ देई. हडकुळा, तिरसट, आणि क्लबातल्या लोकांबद्दल त्याचं मत ताईच्या मताच्या बरंच जवळ होतं.

"यांना काही येत नाही," तो म्हणाला. "सूचना वाचत नाहीत, बॅटरी लावता येत नाही, आणि बिघडलं की माझ्या नावानं खडे फोडतात. आदल्या दिवशी मी चारही ड्रोन अपडेट केले, बॅटऱ्या पूर्ण भरल्या, बंद केले आणि कपाटात ठेवले."

"बंद केलेत? नक्की?"

"माझ्या हातांनी. डॉक्टर सकाळी म्हणाले चालू आहे, तर मी म्हणालो, अपडेटनंतर आपोआप सुरू झाला असेल. तेव्हा मला वाद घालायचा नव्हता. पण तसं होत नाही."

"मला सांगा, या ड्रोनला घर कसं कळतं?"

अपडेटला प्रश्न आवडला. "चालू केला, उपग्रह सापडले आणि पहिल्यांदा जिथून उडाला ती जागा म्हणजे घर. बंद करेपर्यंत तेच घर. म्हणून जागा बदलली की बंद करून पुन्हा चालू करायचा. कोणी करत नाही. कोण पुन्हा उपग्रहांची वाट बघत बसणार?"

ताईनं पेन्सिल खाली ठेवली. उपग्रह, बॅटरी आणि चुकलेली वाट. या तीन गोष्टींना तीन कारणं लागत नव्हती. एकच पुरत होतं.

ड्रोन घर चुकला नव्हताच. तो अगदी बरोबर घरी गेला होता.

४

तिसरे क्लबाचे सेक्रेटरी. पांढरे केस, धुतलेला शर्ट, मवाळ आवाज. नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि निवृत्तीनंतरही तो हुद्दा त्यांच्या चालण्यातून गेला नव्हता. ताईला त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. त्यांच्या डाव्या गालाला सूज होती, बोलताना ते तिथे रुमाल दाबून धरत.

"दाढ," ते ओशाळं हसून म्हणाले. "परवा रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. पण माझं सोडा. डॉक्टरांचं वाईट वाटतं हो. भला माणूस. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपण त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. चूक त्यांची नाही, कंपनीची आहे. अपडेट धड तपासून न पाहता बाजारात सोडतात!"

"त्या सकाळी तुम्ही किती वाजता आलात?"

"सर्वांत आधी. खोली मीच उघडतो. खुर्च्या लावल्या, पाणी भरलं."

"कपाट उघडलंत?"

"छे. ते अपडेटचं काम."

"मावशी बैठकीत म्हणाल्या ते तुम्हाला खरं वाटलं?"

सेक्रेटरींनी रुमाल दुसऱ्या हातात घेतला. "एकट्या राहणाऱ्या बायकांना असे भास होतात. तरी मी त्यांचा मान राखला. म्हणालो, चौकशी करू. आता चौकशी करायला त्याच नाहीत, काय करणार."

किती नीटनेटकं बोलले! ताईनं आयुष्यात अशी नीटनेटकी माणसं पुष्कळ पाहिली होती. विमान पडलं की सगळ्यांत आधी त्यांचा शोकसंदेश तयार असे.

निघताना तिनं सहज विचारलं, "तुमच्या ड्रोननं तुम्ही काय काढता? तुमचं एकही चित्र भिंतीवर दिसत नाही."

"मला आपला उडवण्याचाच आनंद," सेक्रेटरी म्हणाले, आणि दार उघडून धरलं.

५

संध्याकाळी भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसला होता, पण घास काही हलत नव्हता.

"सेक्रेटरींची कुठली दाढ दुखतेय?" ताईनं विचारलं.

"सेक्रेटरींची?" डॉक्टर गोंधळले. "त्यांची दाढ दुखत नाही. मागच्याच महिन्यात मी त्यांचे सगळे दात तपासले. या वयात असे दात क्वचित दिसतात."

"परवा रात्रीपासून दुखतेय म्हणे."

"परवा रात्री आम्ही एकत्रच जेवलो, ताई. अक्रोड फोडून खात होते ते. दातांनी!"

"आणि काल सकाळी मैदानात? गाल सुजला होता?"

डॉक्टर आठवू लागले. "रुमाल धरून होते खरे. मी म्हणालो, काय झालं? तर म्हणाले, काही नाही. आणि मग ड्रोन, मग धावाधाव… माझ्या काही लक्षात राहिलं नाही."

"मला एक सांग. शेजारीच दातांचा डॉक्टर उभा आहे, तोही दोस्त. आणि दाढ दुखणारा माणूस त्याला तोंड उघडून दाखवत नाही. का?"

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीतीशिवाय दुसरं काहीतरी दिसलं.

"कारण मला दिसलं असतं," ते सावकाश म्हणाले, "की दाढेला काही झालेलं नाही."

"उद्या तुझा तोंडात घालायचा आरसा बरोबर घे," ताई म्हणाली. "आणि जेव आता."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाच्या खोलीत सगळे जमले. इन्स्पेक्टर दाराशी उभे राहिले. ताई लांब टेबलाच्या टोकाशी बसली. कोणी न सांगता ती तिथे बसली, आणि कोणी हरकत घेतली नाही.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या अपडेटवर खापर फोडलंत," तिनं सुरुवात केली. "उपग्रह लवकर सापडले, अपडेटमुळे. बॅटरी लवकर संपली, अपडेटमुळे. घर चुकलं, अपडेटमुळे. बाई मेली, तीही अपडेटमुळेच. इतकी कर्तबगार गोष्ट मी अजून पाहिली नाही. आता ऐका. त्या सकाळी बाळ्याच्या, म्हणजे डॉक्टरांच्या आधी कोणीतरी त्यांचा ड्रोन कपाटातून काढला. मावशींच्या गच्चीवर नेला. तिथे चालू केला, उपग्रह सापडू दिले आणि उडवला. म्हणून बॅटरी खर्च झाली. म्हणून गच्ची हे त्याचं घर झालं. मग तो बंद न करता पेटीत घातला आणि इथे आणून ठेवला. डॉक्टरांना उपग्रह लवकर सापडले नाहीत. ते आधीच सापडलेले होते, दुसरीकडे."

"पण गच्चीवर कशाला नेईल कोणी?" फोटोवाल्यानं विचारलं.

"ऐकवायला. मावशी म्हणाल्या होत्या, मी आवाजावरून ओळखीन. ज्याचं यंत्र खिडक्यांशी उभं राहायचं, त्याला दुसऱ्याचं यंत्र त्यांच्यासमोर उडवून दाखवायचं होतं. हाच का तो, मावशी? त्यांनी 'हो' म्हटलं की काम फत्ते. डॉक्टर बदनाम झाले असते आणि हा साहेब डॉक्टरांच्या पाठीशी उभा राहिला असता."

कोणीही सेक्रेटरींकडे पाहिलं नाही. ते स्वतः मात्र खिडकीबाहेर पाहत होते.

"मावशींनी 'हो' म्हटलं नाही. तो आवाज त्यांना पटला नाही. त्याऐवजी समोरच्या माणसाचा चेहरा वाचता आला असावा. झटापट झाली, कठड्यावर डोकं आपटलं. पात्यांच्या वाऱ्यानं माशा पिसाळल्या होत्याच, पेटीला धक्का लागला, झाकण सरकलं. तो जिन्यावरून पळाला. माशा त्याच्या मागे. हातात चालू ड्रोन, आणि पळता पळता डोकं चाललं. हे यंत्र बंद केलं नाही तर ते स्वतःहून इथे परत येईल. आणि डॉक्टर ते बंद करणार नाही, याची त्याला खात्री होती. वर्षभर उपग्रहांसाठी आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात सापडलेले उपग्रह दिले, तर तो बंद करून पुन्हा चालू करेल? तुमच्यातला एक तरी करेल? तुम्हाला दुसऱ्या कोणी इतकं नीट ओळखलं नसेल."

ताई सेक्रेटरींकडे वळली.

"तोंड उघडा."

"काय?"

"दाढ दुखतेय ना? इथे डॉक्टर आहेत. फुकट बघतील."

डॉक्टर उठले. आरसा त्यांनी सराईतपणे हातात घेतला; तो त्यांचा रोजचा धंदा होता. सेक्रेटरींनी आधी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं, मग दाराकडे. मग तोंड उघडलं, कारण न उघडणं हेच उत्तर झालं असतं.

"दाढ ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "हिरडीही. सूज वरून आहे. कानाच्या पाळीखाली डंखाचा ठिपका आहे. मानेवर अजून एक. कॉलरखाली आणखी असतील."

"माशी कुठेही चावू शकते," सेक्रेटरी म्हणाले. आवाज अजून मवाळच होता. "बागेत चावली असेल."

"मग दाढ का म्हणालात?" ताईनं विचारलं. "असो. तुमचा ड्रोन इन्स्पेक्टर नेणारच आहेत. त्यातलं कार्ड पाहिलं की भिंतीवर तुमची चित्रं का नाहीत ते कळेल."

"कार्ड रिकामं आहे." सेक्रेटरी पटकन बोलले. "त्या अपडेटनं सगळं पुसलं गेलं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अपडेट खुर्चीतून अर्धा उठला. इतक्या वर्षांची चीड त्याच्या तोंडावर गोळा झाली होती.

"अपडेटनं कार्डाला हात लागत नाही!" तो ओरडला. "किती वेळा सांगायचं तुम्हाला? अपडेट वेगळा, कार्ड वेगळं! मी आदल्या दिवशी पाहिलं तेव्हा तुमचं कार्ड भरलेलं होतं. अपडेट घेईना, म्हणून मीच काढून पुन्हा बसवलं!"

"आणि पुसलेलं परत काढता येतं," इन्स्पेक्टर म्हणाले. या प्रकरणातलं त्यांचं हे पहिलं उपयोगी वाक्य.

सेक्रेटरींचा रुमाल खाली पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत.

"तिनं फक्त 'हाच' म्हणायला हवं होतं," ते म्हणाले. "एवढंच. कोणाचं काय बिघडणार होतं? डॉक्टरांना लोकांनी माफ केलं असतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुझंच यंत्र घेऊन ये, मेल्या.' मला! मला 'मेल्या' म्हणाली!"

त्या शब्दानं त्यांना जेवढं दुखलं होतं, तेवढं बाकी कशानंही दुखलं नव्हतं. ताई त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला राग येण्याची वेळ केव्हाच उलटून गेली होती. डबक्यात काठी घातली की तळातून जे वर येतं, ते पाहताना जसं वाटतं, तसं तिला वाटत होतं.

इन्स्पेक्टर त्यांना घेऊन गेले. फोटोवाला खाकरला.

"म्हणजे," त्यानं अपडेटला विचारलं, "हा अपडेट टाकायला हरकत नाही म्हणायची?"

७

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी ताईचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरत, तसा.

"ताई, मला वाटलं होतं, मीच मारलं तिला. दोन रात्री मी… तू नसतीस तर मी जन्मभर तेच समजत राहिलो असतो."

"हं."

"सुटलो गं."

ताई चालता चालता थांबली. झाडांच्या पलीकडे मावशींची गच्ची दिसत होती, आणि तिच्यासमोर होस्टेलची इमारत.

"एक विचारू? मावशी बैठकीत बोलल्या, तेव्हा सगळे हसले म्हणे."

डॉक्टरांनी तिचा हात सोडला.

"तू त्यांच्यात होतास?"

"होतो."

"हसलास?"

"सगळेच हसले, ताई. म्हणजे… तो फोटोवाला बोललाच असं…" ते मध्येच थांबले. बहिणीसमोर ते वाक्य पूर्ण करता येईना. "हसलो."

"तेव्हा एकानं जरी उठून म्हटलं असतं, 'मावशी, बसा, नीट सांगा,' तर त्या माणसाला त्यांच्या गच्चीवर चढायची छाती झाली नसती." ताईचा आवाज चढला नाही. "खुनातून मी तुला सोडवलं. यातून मी सोडवणार नाही. चल."

"कुठे?"

"होस्टेलवर. कोण होतं, ते त्या मुलींना कळायला हवं. आणि ते तू सांगणार आहेस."

डॉक्टरांनी एकदा घराच्या वाटेकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिच्या चेहऱ्यावर वाटाघाटीला जागा नव्हती. ते चालू लागले.

होस्टेलच्या खालच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. भर दिवसा आत दिवे लागलेले. दार उघडलं ते काल मावशींचं घर दाखवणाऱ्या नर्सनं. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, अंगावर गणवेश तसाच.

"सापडला," ताई म्हणाली. "हा माझा भाऊ. हा सांगेल."

नर्सनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"आम्ही तुमच्या क्लबात दोनदा तक्रार केली होती," ती म्हणाली. "मावशी यायच्या आधी. दोन्ही वेळा सांगितलं गेलं, उपग्रहांचा घोळ आहे. तुम्ही होतात तिथे?"

"होतो."

आतल्या बाजूला आणखी तिघी-चौघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. ताई बाजूला सरकली आणि तिनं भावाला एकटं पुढे राहू दिलं.

"आत येऊ नका," नर्स म्हणाली. "तिथूनच बोला. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

डॉक्टरांनी पायातली चप्पल काढायला घेतली होती, ती त्यांनी पुन्हा घातली. उंबऱ्याबाहेर उभे राहून, मान वर करून ते बोलू लागले.